पुण्याहून आलेल्या भुवया

तुमच्या घरच्या गौरीच्या भुवया कुणी काढल्या, ठाऊक आहे का तुम्हाला? मुखवटा कुठून आणला, साडी कुणी नेसवली, ते विचारत नाही. भुवयांचं विचारते आहे. त्या दोन रेघा पडेपर्यंत ती माती असते आणि पडल्यावर तुमची आई तिच्यापुढे हात जोडते.

आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, त्या रेघा बरीच वर्षं माझी मावशी काढायची. मावशीचं तिथल्या खासगी बाजार नावाच्या पेठेत पार्लर आहे. पुढची खोली पार्लर, मागची खोली घर, आणि मागचं दार बोळात उघडतं. पार्लर म्हणजे एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, खिळ्याला अडकवलेली धाग्याची रिळं. आरशाच्या वर काचेच्या चौकटीत एक काळंपांढरं पान. जुन्या हॉलीवूडमधली एक नटी. हनुवटी खांद्यावर टेकलेली, केस एका बाजूने लाटेसारखे उतरलेले, आणि भुवया अशा बारीक नि उंच की डावी उजवीपेक्षा केसभर वर. जणू समोरचा जे सांगतोय ते तिला मुळीच पटलेलं नाही.

ते पान काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, लग्नाच्या पहिल्या वर्षी बाडा चौकाजवळच्या एका रद्दीवाल्याच्या ढिगातून आणलेलं. खालचा कोपरा फाटलेला होता. नेमका तिथेच नाव असणार. त्यामुळे ती नटी आमच्याकडे नाव नसलेलीच आली आणि मावशी तिला मडम म्हणायला लागली. "मडमला विचारते," असं ती गिऱ्हाइकाला सांगायची, वर बघायची, आणि मग म्हणायची, "मडम म्हणते तुम्हाला हा कट नाही शोभणार." मडमच्या आडून तिने लष्करातल्या किती बायकांना खरं सांगितलं असेल, त्याला गणतीच नाही.

मडमचं वेळापत्रक हे मावशीचं वेळापत्रक होतं. पानावर दोन-चार ओळी इंग्रजी होतं. काका ते वाचून तिला मराठीत सांगायचे. मडम सकाळी उठल्या उठल्या थंडगार पाण्यात तोंड बुडवते, दम टिकेल तोवर. म्हणून मावशी माठातलं पाणी स्टीलच्या परातीत काढायची आणि त्यात तोंड घालायची. ग्वाल्हेरच्या पौषातसुद्धा. मडम गुलाबपाणी नि ग्लिसरीन लावते. मडम स्वतःच्या भुवयांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. मावशीही धाग्याचं टोक दातात धरून आरशासमोर स्वतःच्या भुवया स्वतः करायची. आणि मडम दुपारी जेवल्यावर पाय उशीवर ठेवून अर्धा तास पडते, त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. त्या अर्ध्या तासात पार्लरचं शटर खाली असायचं. तेव्हा मावशीचे सासूसासरे होते, दोन दीर होते, पण हाक कुणी मारली नाही. पार्लर चालवायचं तर इंग्रजी शास्त्र पाळायला हवं, असं काकांनी घरात ठणकावून सांगितलं होतं.

मला मडमचा राग यायचा. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा बँकेत होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या पलंगाखाली कपड्यांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असायचे. हुंड्याविरुद्धची, महागाईविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. सगळ्यात खाली आजोबांच्या वेळची पिवळी पडलेली, विधवांच्या केशवपनाविरुद्ध. मी जोडून वाचलेला पहिला शब्द 'साथियो' होता. घरात आरसा होता तो बाबांच्या दाढीपुरता. तेव्हा कॉलेजात गेल्या गेल्या मी मावशीला धरलं. हे पान म्हणजे बाजार आहे, तो तुला तुझ्याच तोंडाची भीती घालतो आणि मग त्या भीतीवरचं मलम विकतो, असं बरंच काही बोलले. मावशी एका मुलीच्या ओठांवर धागा फिरवत होती, टोक दातात होतं, म्हणून तिला उत्तर देता येईना. ती नुसती हुंकार देत होती. मुलगी उठली तेव्हा ती म्हणाली, "तू म्हणतेस ते खरं असेल. आता इथे बस. उजव्या भुवईचं पार जंगल झालंय तुझ्या. क्रांती काय अशी करणारेस?"

मी बसले. ती हसत होती.

पण मला सांगायचंय ते गौरींचं. भाद्रपद लागला की मावशीच्या पार्लरमध्ये मुखवटे यायला लागत. आमच्याकडे बहुतेक घरांत मुखवटे विसर्जित करत नाहीत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून वर्षभर ठेवतात. माळ्यावरच्या उन्हाळ्याने रंग उडतो, ओठ फिकट पडतात. पूर्वी रंगवणारा एक म्हातारा होता. तो गेल्यावर कुणीतरी मावशीला म्हणालं, तू आमचे चेहरे करतेस, गौरीचा करून बघ. तिने केला, आणि मग ते तिचंच काम होऊन गेलं. शिपाईगिरीवाल्यांच्या घरांतून मुखवटे यायचे तसे दरबारी नि भिक्षुकी घराण्यांतूनही. एरवी ज्या बायका तिला "पार्लरवाली" म्हणत, त्या भाद्रपदात खुर्चीशेजारच्या बाकावर बसून म्हणत, "तुमच्याच हाताला यश आहे हो." या कामाचे पैसे ती घेत नसे. मुखवटा न्यायला येताना बायका खण, नारळ, तांदूळ आणत आणि तिची ओटी भरत.

तिची रीत अशी. ती मुखवट्याकडे सरळ बघून कधी रंगवत नसे. ती मुखवटा खुर्चीच्या डोकं टेकायच्या उशीवर बसवायची, टॉवेलने घट्ट करायची, स्वतः खुर्चीच्या मागे उभी राहायची आणि आरशात बघून काढायची. गिऱ्हाइकाचं करतात तसं. समोरून बघितलं की आपल्याला जे वाटतं तेच दिसतं, ती म्हणायची, आरशात जे आहे ते दिसतं. आधी कांती, मग ओठ, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी भुवया. प्रत्येक घराची भुवई वेगळी. कुणाकडची जाड नि सरळ, कुणाकडची नाकापाशी जवळजवळ मिळालेली, एका घरची तर ज्येष्ठा शांत आणि कनिष्ठा जरा रागीट. मावशीला सगळ्या पाठ होत्या. कपाळ तेवढं ती कोरं ठेवायची, कारण कुंकू ज्या त्या घरच्या सवाष्णीने लावायचं.

सगळ्या लष्कराच्या गौरी कोऱ्या कपाळाने मावशीच्या खुर्चीत बसून गेल्या आहेत. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नाही.

मग काका गेले. फाल्गुनात गेले. आता बांगड्या कुणी फोडत नाही, तेवढे आपण सुधारलो आहोत. पण तेराव्याच्या आत मावशीच्या जावेने आरशापाशी ठेवलेला कुंकवाचा करंडा उचलून कपाटात ठेवला, न बोलता, पसारा आवरावा तसा. आणि काकांचा फोटो लावायला जागा हवी म्हणून दिराने मडमची चौकट खाली काढली. त्याच खिळ्यावर काका लागले. चौकट माझ्या हातात आली. काच तडकली होती म्हणून मी पान बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच त्यावरच्या इंग्रजी ओळी वाचल्या.

ती कुठल्याशा साबणाची जाहिरात होती. ही नटी हा साबण वापरते, तुम्हीही वापरा, एवढंच. थंड पाणी नव्हतं, गुलाबपाणी नव्हतं, भुवयांबद्दल अक्षर नव्हतं. दुपारचा अर्धा तास तर कुठेच नव्हता.

घरात लोक असेपर्यंत मी गप्प राहिले. मग एका दुपारी मावशीला सांगितलं की यात पाय उशीवर ठेवून पडायचं काही लिहिलेलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. मला इंग्रजी नाही वाचता येत. नवरा वाचता येतो."

सुनेने भरदिवसा आडवं पडणं त्या घरात चाललं नसतं. बायकोला पडू द्या, ती दमते, असं म्हणायची काकांची छाती नव्हती. म्हणून त्यांनी एका परदेशी नटीला मध्ये घातलं. मी बाबांच्या गठ्ठ्यांतली पत्रकं आठवून पाहिली. बायकांच्या विश्रांतीवर एकही नव्हतं.

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर त्या पानाचा फोटो टाकून मडम कोण ते शोधून काढलं. तिचं आयुष्य वाचलं आणि मावशीला सांगत गेले. तिचं जन्माचं नाव तिच्या कंपनीला आवडलं नव्हतं, म्हणून त्यांनी बदललं. कपाळ अरुंद वाटलं, म्हणून पुढचे केस उपटून उपटून कपाळ वाढवलं. खायचं काय, नेसायचं काय, कुणाबरोबर दिसायचं, सगळं करारात होतं. रंगवल्याशिवाय दाराबाहेर पडायची मनाई होती. लग्नं झाली, मोडली. एक नवरा मेला तेव्हा थोड्याच दिवसांत तिला ओठ रंगवून कॅमेऱ्यापुढे उभं केलं गेलं. वय दिसायला लागलं तसा करार संपला. शेवटची वर्षं तिने जाड पडद्यांच्या आड काढली आणि भेटायला आलेल्यांना आत न घेता तरुणपणीचे फोटो पाठवले.

मावशी ऐकत होती. मी म्हटलं, नाव सांगू का तिचं?

"नको," ती म्हणाली. "तेही तिचं नाहीच ना."

मग तिने तडकलेली काच बदलून आणली, दुसरा खिळा ठोकला आणि मडमला काकांच्या शेजारी टांगलं. दुसऱ्या दिवशी परातीत पाणी काढलं, तोंड बुडवलं, भुवया केल्या, ओठांना रोजचा फिका रंग लावला, छोटी मरून टिकली लावली आणि शटर वर केलं. बाजारात कुजबुज झाली. बाई धीट आहे हो, असं एकीने माझ्या आईला भाजीच्या गाडीपाशी ऐकवलं. धीट हा शब्द आपल्याकडे बायकांना शिवीसारखाच देतात. एकीला रंगवल्याशिवाय दाराबाहेर पडायची बंदी आणि दुसरीला रंगवून पडायची. यातलं कुठलं जास्त सुधारलेलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्या भाद्रपदात मुखवटे आले नाहीत. मावशीने ते मनाला लावून घेतलं नाही. वर्ष सरायचंय, ती म्हणाली, त्यांचंही बरोबर आहे. वर्षश्राद्ध झालं. पुढचा श्रावण संपत आला तशी तिने सगळ्यात बारीक ब्रश टर्पेंटाइनमध्ये घालून मऊ केले, रंगांच्या नळ्या दाबून बघितल्या, वाळलेल्या टाकून नव्या आणल्या. बाकावरचे फॅशनचे अंक उचलून बाक मोकळा केला. कुणी विचारलं असतं तर सफाई करतेय म्हणाली असती. तिला ते काम हवं होतं. त्या कामापुरती ती या समाजात कुणीतरी होती. ते गेलं की ती नुसती एक विधवा, जिला धागा चांगला फिरवता येतो.

आणि बायका आल्या. रांग लागली. सणाच्या आधी लागते तशी. भुवया, फेशियल, हाताला वॅक्स. सिटी सेंटरकडच्या नव्या वस्तीत राहायला गेलेल्या सुनासुद्धा ऑटो करून आल्या. मुखवटा मात्र एकीच्याही हातात नव्हता. रविवारी मी मदतीला बसले होते. पार्लरसमोर राहणाऱ्या काकू खुर्चीत होत्या. मावशीने सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा रंग बरा राहिलाय का गौरींचा? काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, या वेळी राहू दे म्हटलं, तसा चांगला आहे अजून. नंतर आलेल्या एका नव्या सुनेने तर विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "मावशी, आम्ही ना इस बार पुण्याहून मागवतोय. ग्रुपवर मेसेज आला होता ना. फायबरचे. एकदम हलके. जल्दी करा ना, बाहर ऑटो थांबलाय."

आमच्या इथल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसा मेसेज खरंच होता. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी टाकलेला. पुण्याचे मुखवटे हवे असतील तर कळवा. खाली हात जोडलेल्या चित्रांची माळ. कुणीही काही वाईट बोललेलं नव्हतं. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला, पण बोट ठेवायला एक शब्द सापडत नव्हता. स्वतःच्या भुवया विधवेच्या हातून करून घ्यायच्या आणि देवीच्या नाही. म्हणजे देवीला तिचा विटाळ आणि आपल्याला नाही. मग देवीपेक्षा आपण शुद्ध झालो की घाण झालो?

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. बाबांनी वाचलं आणि दोन विशेषणं काढून टाकली. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी दारोदार वाटायचं असं मी ठरवलं होतं. मावशीने ते माझ्या हातून घेतलं, घडी केली आणि परत दिलं. "यात त्या वाटली डाळ बांधून देतील," ती म्हणाली. "मला भांडण नकोय. मला मुखवटे हवेत."

आणि मुखवटे आले. हे मी स्वतः बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

दुपारी, शटर खाली असताना, मावशीच्या त्या अर्ध्या तासात, मागच्या बोळातल्या दाराची कडी वाजली. समोरच्या काकू. पदराखाली लुगड्यातलं गाठोडं. माझा काही विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर, पण सासूबाई आहेत ना घरात. तुम्ही करून द्या. फक्त कुणाला बोलू नका, मी पुण्याहून आणले असंच सांगणार आहे. मावशीने गाठोडं घेतलं. दुसऱ्या दुपारी ती नवी सून आली. पुण्याचे मुखवटे आले होते म्हणे, पण त्यांचे डोळे बटणासारखे होते, सासरे म्हणाले ही आपली गौरी नाही. तिसऱ्या दुपारी आणखी कोणी. प्रत्येकीला वाटत होतं की बोळातून आपणच आलो. प्रत्येकीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, प्रत्येकीच्या घरात कोणीतरी दुसरंच विश्वास ठेवणारं होतं. खण-नारळ एकीनेही आणला नाही. चोरून आलेल्या माणसाला ओटी भरायची आठवण कशी राहणार?

शेवटी अध्यक्षीणबाई आल्या. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या. त्या दारात उभ्या राहूनच बोलल्या, गाठोडं पुढे केलं, आत आल्या नाहीत.

काकांनी खोटं बोलून मिळवलेला तो अर्धा तास या बायकांनी घेतला. पाय उशीवर ठेवून पडायच्या वेळी मावशी मागच्या खोलीत गाठोडी सोडत होती. मी तिला म्हटलं, परत कर. सगळी परत कर. पुढच्या दाराने या म्हणावं. तिने मुखवटे एकेक करून पुढच्या खोलीत नेले, शटर तसंच खाली ठेवून दिवा लावला, पहिला मुखवटा खुर्चीवर बसवला, टॉवेल घट्ट केला आणि मागे उभी राहिली.

कांती झाली, ओठ झाले, डोळे झाले. भुवईवर आली तेव्हा तिने आरशातून नजर थोडी वर नेली. मला आधी वाटलं काकांकडे बघतेय. मग ब्रश उतरला. बारीक, उंच रेघ. काकूंच्या घरची भुवई जाड नि सरळ, हे मलाही ठाऊक होतं. मावशीने डावी उजवीपेक्षा केसभर वर घेतली.

दुसऱ्या मुखवट्यालाही तीच, आणि त्याच्या पुढच्यालाही. जिथली ज्येष्ठा शांत नि कनिष्ठा रागीट होती, तिथल्या दोघींनाही तीच.

"मावशी, ही त्यांच्या घरची नाही."

"पुढच्या दाराने आली असती तर तिच्या घरची काढली असती," ती ब्रश न थांबवता म्हणाली. "मागच्या दाराला एकच भुवई आहे."

गौरीपूजनाच्या संध्याकाळी मला हळदीकुंकवाची बोलावणी होती. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मी अजून चालते. आईबरोबर मी घरोघर गेले. काकूंकडे गौर झिरमिळ्यांच्या मखरात उभी होती, भरजरी शालू, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि त्या कुंकवाच्या बाजूला डावी भुवई उचललेली. जणू समोरच्यांचं बोलणं तिला मुळीच पटलेलं नाही. बायका आल्या, नमस्कार केला, मान वर केली आणि एक क्षण थांबल्या. छान आहेत हो, कुठून आणले? पुण्याहून. आमचेही पुण्याहूनच. पुढच्या घरात तीच भुवई, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्याच बायका या घरातून त्या घरात जात होत्या आणि प्रत्येक घरात स्वतःचीच गौर भेटत होती. तिसऱ्या-चौथ्या घरापासून कुठून आणले हे विचारणं बंद झालं. आवाज खाली आले. पुरणाबद्दल, गॅसबद्दल, पोरांच्या परीक्षांबद्दल बोलणं वाढलं.

अध्यक्षीणबाईंच्या हॉलमध्ये सगळ्या एकदम जमल्या होत्या. मला राहवलं नाही. मी पत्रकावर वाढलेली मुलगी आहे. मी विचारलं, "काकू, पुण्यात कोण काढतं हो या भुवया?"

 काकूंनी मखरातल्या दिव्याची वात सारखी केली, जी सारखीच होती. अध्यक्षीणबाई माझ्यासमोर आल्या, माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, हातावर वाटली डाळ ठेवली आणि म्हणाल्या, "घे गं. आई थांबलीये तुझी खाली." आई माझ्या शेजारीच उभी होती.

आम्ही परत जाताना मावशीकडे थांबलो. पार्लरचं शटर अर्धं वर होतं. तिला कुठूनही बोलावणं नव्हतं. खुर्ची रस्त्याकडे फिरवून ती बसली होती आणि नटूनथटून जाणाऱ्या बायका बघत होती. त्यांच्या सगळ्यांच्या भुवया तिच्याच हातच्या होत्या. मी घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा निदान बरं वाटेल तिला. तिने एवढंच विचारलं की डावी वर गेलीये ते आरशात न बघताही दिसतं का?

दिसतं, मी म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि शटर खाली ओढलं.

त्यानंतर काय बदललं, असं मला विचाराल तर काहीच नाही. कुणी माफी मागितली नाही, कुणी भांडलंही नाही. विसर्जनानंतर मुखवटे पुन्हा लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेले. गिऱ्हाइकं येतात. धागा फिरतो. माझं पत्रक माझ्या पलंगाखाली आहे. ते वाटलं असतं तर त्यांनी वाचून फाडलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. भुवया मात्र कुणाला पुसता येईनात. आपल्या गौरीची भुवई पुसायची म्हणजे ती कुणी काढली ते कबूल करायचं. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. सगळ्यांना सगळं माहीत असताना सगळ्यांनी गप्प राहणं, यापेक्षा मला उघड शिवी परवडली असती.

श्रावण पुन्हा संपत आला आहे. मावशीने ब्रश टर्पेंटाइनमध्ये घातले आहेत. बाक मोकळा केला आहे.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे, तुम्ही लष्करात राहत असा की आणखी कुठे. अशी एक बाई तुमच्या गावात असणारच, जी तुमचं तोंड सजवते आणि जिला तुमच्या देवापुढे जागा नाही. यंदा मुखवटा पदराखाली नेऊ नका. भर दिवसा, शटर वर असताना, पुढच्या दाराने न्या. दुपारचा तिचा अर्धा तास सोडून. बरोबर खण-नारळ न्या. आणि पूजेच्या संध्याकाळी पहिलं बोलावणं तिला द्या. ती आली की गौरीच्या आधी तिच्या कपाळाला कुंकू लावा, सगळ्यांच्या देखत. समोरून लावायला हात धजला नाही तर तिला आरशासमोर बसवा, मागे उभ्या राहा आणि आरशात बघून लावा.